केरसुणी दाराआड

सोलापूर, मंगळवार

प्रिय अप्पा,

माझा फोन तुम्ही उचलत नाही, चुकून उचलला तर न बोलताच अव्वाच्या हातात देता. म्हणून हे पत्र. अव्वाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तुम्हालाच वाचावं लागणार. कसे सापडलात?

आधी बातमी सांगते, मला दम निघत नाही. माझा लेख आलाय, इंटरनेटवर, एका मराठी साइटवर. छोटासाच आहे, घर सोडून आले त्या सकाळचा. खाली नाव, दानेश्वरी गुरप्पा, तुमच्या नावासकट. माझ्या खोलीतली अंकिता, केम गावची पोरगी, तिनं तो मेसमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी आपली ताटातल्या कडक भाकरीचा चुरा करत बसले. चादरीच्या कारखान्यातले आमचे रावजीसाहेब कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते म्हणाले, ऑर्डरी पण अशाच मन लावून लिही की. लई हसले मी.

तुम्हाला वाटेल, पोरीनं घरातलं भांडण जगाला सांगितलं. तसं नाही. मी लग्नाचं बोलणं मोडून नोकरी धरली आणि तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, ते एका ओळीत उरकलंय. बाकी सगळा लेख केरसुणीवर आहे.

मी बघितलं नाही असं वाटलं ना तुम्हाला? मी जीपमध्ये बसले तेव्हा तुम्ही पाठ फिरवून म्हशीला वैरण टाकत होता. अव्वाला रडून रडून भान नव्हतं, सवयीनं केरसुणी घेऊन ती ओटा झाडायला लागली. आणि तुम्ही हातातली पेंढी टाकून धावत आलात, तिच्याकडून केरसुणी काढून घेतलीत आणि दाराआड ठेवलीत. माणूस घरातनं निघालं की लगेच झाडायचं नाही, झाडलं तर ते परत येत नाही, असं अव्वा सांगते आणि तुम्ही बायकोची टिंगल करता. त्या दिवशी मात्र टिंगल सुचली नाही. जीप वळेपर्यंत मी मागं बघत होते. मग अक्कलकोट येईपर्यंत रडले आणि मधेच हसलेही. शेजारची बाई घाबरून सरकून बसली.

लेखाखाली करकंब गावच्या एका बाईंनी लिहिलंय, पोरी, तुझे वडील अजून दारातच उभे असतील बघ. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

म्हणून लिहितेय. रविवारी सकाळच्या एसटीनं मी येते. लेख तुमच्यासमोर बसून वाचणार आहे. नोकरी मी सोडणार नाही, लग्नाचं विचारलंत तर उत्तरही तेच राहील. पण मला तुमचा आवाज ऐकायचाय अप्पा, रागावून का असेना. तोवर हे पत्र अव्वाला कानडीत सांगा, केरसुणीचं गाळू नका. आणि रविवारी संध्याकाळी मी परत निघाले, की ती तेवढी दाराआड ठेवा.

तुमचीच, अजून तितकीच हट्टी,
दानू