कोरड्या विहिरीचा रकाना

आये, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला जरा धीर होतोय. समोर असतीस तर एवढं बोलूच दिलं नसतंस. काम काय ते सांग, म्हणाली असतीस.

जव्हारच्या ऑफिसात मी कंत्राटावर लागलो ते दिवस. मोखाड्याकडच्या पाड्यांवर कुठल्या विहिरीत किती पाणी, ते कम्प्युटरवर चढवायचं, एवढंच माझं काम. पण त्या कम्प्युटरची मला काय धास्ती होती म्हणून सांगू! चपला बाहेर काढून आत जायचो आणि बटण दाबताना श्वास रोखून धरायचो. आकडेमोडीचा प्रोग्राम साहेबांनी एका सीडीवरून टाकला होता. ओपन सोर्स म्हणतात तसला, देशोदेशीच्या लोकांनी लिहून फुकट वाटलेला, आणि आत काय चालतं तेही कुणीही उघडून बघावं असा. मी कशाला उघडतोय? चालतंय ना, मग हात लावू नये, असं माझं.

सूर्यमाळला आपल्या विहिरीचं माप तूच घ्यायचीस. गाठी मारलेला दोर सकाळी आत सोडायचा, किती गाठी भिजल्या ते शाळेतल्या गुरुजींना सांगायचं. ते कागदावर मांडणार, आणि कागद माझ्याकडे येणार. त्या उन्हाळ्यात साहेबांनी टँकरच्या यादीसाठी तक्ता मागितला. मी प्रोग्राम चालवला, तर आपल्या विहिरीत म्हणे भरपूर पाणी! पण आदल्याच रविवारी मी घरी होतो. विहिरीचा तळ भेगाळलेला, आणि तू झुंजुमुंजूलाच हंडा घेऊन दरीतल्या झऱ्यावर गेलेली. मी ओट्यावर बसून तुझी वाट बघतोय, खाली एखादा दगड घरंगळला की मी उठून वाकून बघतोय. शेजारची काकू त्याच उतारावर पडून कंबर मोडून घेऊन बसली होती. हा तक्ता बैठकीत गेला की टँकर भलतीकडे जाणार, आणि तू रोज त्या उतारावर. दुसरं काही सुचेना मला.

गुरुजींचा कागद काढून बघितला, तर वैशाखातले आपले सगळे रकाने रिकामे. तसाच एसटी पकडून घरी आलो आणि तुझ्यावर ओरडलो. माप का नाही घेतलंस म्हणून. तू चुलीपुढून उठलीही नाहीस.

"कोरड्या विहिरीत दोर नाय सोडायचा. पाणी परत येत नाय."

आपल्या पाड्यावर हे सगळेच पाळायचे, मला काय ठाऊक नव्हतं? तरी म्हटलं, एकदाच सोड, शून्य तरी लिहू दे. तुझा चेहरा एकदम उतरला. दारात बिबट्या येऊन गेला तरी न डगमगणारी तू, आणि तू भ्यायली होतीस. मग हळूच म्हणालीस, "तुझ्या मशिनला सांग ना."

परत आल्यावर मी तो प्रोग्राम उघडला. रिकामा रकाना दिसला की माहिती नाही असं धरून तो दिवसच सोडून द्यायचा, आणि आधीच्या महिन्यांत पाणी होतं तेवढ्याच दिवसांची सरासरी काढायचा. वर पुन्हा भरपूर! आपल्या डोंगरावरच्या विहिरींसाठी आधीच्या ओळी बघून बघून मी त्यात दोन ओळी घातल्या, की दोर सोडला नाही म्हणजे विहीर कोरडी. तेवढ्यात साहेब पाठीशी येऊन उभे. कुणाला विचारून हात लावलास, म्हणाले. गेली नोकरी, असंच वाटलं मला. पडद्यावर वरच्या बाजूला नुसतं बोट ठेवलं. लिहिणाऱ्यांनीच तिथं लिहून ठेवलं होतं, ज्याला गरज पडेल त्याने यात बदल करावा. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, मग दोराचं काय ते विचारून घेतलं, आणि तक्ता नव्याने काढायला सांगितला.

टँकर आला. विहिरीत ओतून गेला आणि त्याच्या मागोमाग तू दोर सोडलास, असं गुरुजी सांगत होते.

तू गेलीस ती श्रावणात. विहीर काठोकाठ, वाकून ओंजळीने पाणी घ्यावं अशी. दिवसकार्य उरकून ऑफिसात परतलो, तर महिन्याचा कागद टेबलावर पडलेला. तू गेलीस त्या सकाळचा रकाना रिकामा. मी तो तसाच चढवला, आणि प्रोग्रामने मी शिकवलेलं तेच केलं. विहीर कोरडी, म्हणाला.

त्यानंतर साहेब बदलले, कम्प्युटर बदलले. सगळी जुनी माहिती नव्या मशिनवर दरवेळी मीच नेतो, आणि त्या दिवसापाशी आलो की घाबरतो. दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो? पण दुरुस्ती केली की शेजारी कारण लिहावं लागतं. पाणी होतं, दोर सोडणारी नव्हती. ते मी अजून लिहिलेलं नाही, आये.