होंग मालकाला लागलेलं ऊन

६ एप्रिल

शियाच्या नाकाचा तुकडा गेला. डाव्या नाकपुडीची कड आणि तिच्यावरचं सुपारीएवढं मांस. कानामागची कातडी काढून तिथं शिवलीय, काळ्या दोऱ्यानं. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा ती आरशात बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडावर काय उमटतं ते.

"बरं दिसतंय की!" मी म्हटलं.

धाकट्या बहिणीशी इतकं धडधडीत खोटं आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

कर्करोग होता. सगळा निघाला म्हणतात. हे होंग मालकाचं काम! इथं लिहून ठेवते. उद्या राग थंड पडला तर ही वही उघडीन.

७ एप्रिल

झोप झाली, राग आहे तिथंच आहे. बरं झालं.

आईनं आम्हाला नवव्या वर्षी फडकं बांधायला शिकवलं. एक डोक्यावरून, एक नाकावरून, वर बांबूची टोपी, हातांना कोपरापर्यंत बाह्या. उघडे फक्त डोळे. आई म्हणायची, समुद्रावर ऊन दोनदा लागतं — एकदा वरून, एकदा पाण्यातून. मी आता छप्पन्न वर्षांची आहे. अंगावर एक डाग नाही.

तीन वर्षांपूर्वी होंग मालकानं कालवांच्या तराफ्यावर पर्यटक आणायला सुरुवात केली. या, कालवं भाजा, खा, फोटो काढा! आणि एके सकाळी आम्हा सगळ्या बायकांना उभं करून म्हणाला, "उद्यापासून फडकी बंद. पाहुणे बिचकतात. दरोडेखोरांच्या अड्ड्यावर आल्यासारखं वाटतं म्हणे! जरा हसरे चेहरे दिसू देत." तराफ्यावर सावलीसाठी ताणलेली काळी जाळीसुद्धा उतरवली. फोटोत सावली पडते म्हणून!

मी फडकं सोडलं नाही. मला मागच्या तराफ्यावर टाकलं, दोरांवरचं शेवाळ खरवडायला. शिया पुढे राहिली. सकाळी सातपासून, उघड्या तोंडानं, तीन उन्हाळे.

स्वतः मालक मात्र काचेच्या केबिनमध्ये. एकसष्ट वर्षांचा माणूस, तोंड वाफवलेल्या पावासारखं गोरंपान.

१२ एप्रिल

मागोंगच्या इस्पितळात टाके काढले. डॉक्टरांना मी सरळच विचारलं, "तीन वर्षं उघड्यावर उभं केलं म्हणूनच झालं ना हे?"

"बाई, असं बोट ठेवून सांगता येत नाही. यात लहानपणापासूनचं ऊन असतं."

"लहानपणापासून ती झाकलेली होती!"

डॉक्टरांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाले, "तीन वर्षांनी भर घातलीच असणार."

भर! मला तेवढं पुरे.

परतीच्या बसमध्ये शिया म्हणाली, "डॉक्टरांशी भांडायचं कशाला, ताई?" मी म्हटलं, डॉक्टरांशी नाही भांडत, होंगशी भांडणार आहे. तर खिडकीबाहेर बघत म्हणते, "राहू दे. ते दिवस चांगले गेले."

काय चांगले गेले? गुंगीचं औषध अजून उतरलं नाही वाटतं.

१३ एप्रिल

ती तोंड धुते तेव्हा न्हाणीचं दार आतून लावून घेते. पूर्वी कधी लावत नव्हती.

२० एप्रिल

आज तो आला! सफरचंदांची टोपली घेऊन. शिया आत होती, बाहेर आली, केस नीट करून. मी चहा टाकला नाही.

"शिया, तू घाई करू नकोस. तुझी जागा तुझीच आहे," मालक म्हणाला. आणि पिशवीतून एक बाटली काढली, वरून दाबायची. "हे उन्हाचं क्रीम. जपानचं. मी वर्षानुवर्षं हेच लावतो. रोज लाव बघ."

म्हणजे माहीत होतं! काचेच्या आत बसूनसुद्धा तो रोज हे चोपडत होता. आणि बाहेर उभ्या असलेल्या बायकांना — हसा!

मी म्हटलं, "मालक, तीन वर्षं उशीर झाला बाटलीला."

त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. पण शियानं माझ्यावर असे डोळे वटारले की जणू गुन्हा मीच केला! वर त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेली, नाकावर रुमाल धरून.

२८ एप्रिल

देव आहे!

माझू आईची, आमच्या समुद्रदेवीची, पालखी यंदा अकरा मेला समुद्रावर निघणार. आणि पुढच्या होडीच्या नाळेवर, अगदी टोकाला, धुपाचं पात्र धरून उभं राहायचा मान — होंग मालकाला! देवळात कौल लावला, तीनदा त्याच्याच नावानं पडला. सगळ्या गावाला पेढे वाटल्यासारखा आनंद झालाय त्याला.

धूप धरणाऱ्याला डोक्यावर काही घालता येत नाही. छत्री नाही, टोपी नाही. आईसमोर उघड्या डोक्यानं, सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत, बेटांना वळसा घालून. म्हणजे ऊन आणि त्याच्या मधे फक्त त्याची ती क्रीमची बाटली, केबिनमधली.

आणि केबिन झाडायची पाळी माझी असते.

२ मे

विचार पक्का होतोय. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं त्याचं ते पांढरं तोंड. विष घालणार नाही, ढकलणार नाही. जे शियाला दिलं तेच देणार — ऊन. नुसतं ऊन! त्यात पाप कसलं?

शिया कामावर जायला लागली. फडकं बांधून. पर्यटकांच्या तराफ्यावर नको म्हणाली, माझ्याबरोबर मागे बसते. दोर खरवडताना एकदाही मान वर करत नाही. पलीकडे हशा झाला की हात थांबतात तिचे.

९ मे

केलं.

मालक देवळात पालखीच्या तालमीला गेला होता. बाटलीचं झाकण फिरवून क्रीम मोरीत ओतलं. तळाशी थोडं ठेवलं, वासासाठी. वर माझं हाताला लावायचं दुधी लोशन भरलं, माझ्या छोट्या अडीच बाटल्या. रंग तोच, दाटपणा तोच. दाबून पाहिलं, पिचकारीसुद्धा तशीच!

मागे वळले तर दारात आ-मेन मावशी. तराफ्यावरची सगळ्यांत म्हातारी, पंचाहत्तर वर्षांची, तिच्या नजरेतून माशी सुटत नाही. हातात पाण्याची बादली.

"काय गं, मालकाचं क्रीम लावून गोरी व्हायचंय का?"

"पुसत होते, मावशी."

तिनं मोरीकडे बघितलं. मग हातातली बादली मोरीत ओतली, सगळी, शांतपणे. "झाडून झालं असेल तर चल," म्हणाली.

तिची जाऊही फडक्याशिवाय उभी राहिली होती पुढे, दोन उन्हाळे.

१० मे

आज उद्याच्या पालखीबद्दल बोलत होते सगळे. ढग नाहीत. वारा पडलाय.

११ मे

आज सगळं लिहिते.

आम्ही बायका मागच्या होडीत, सगळ्या फडकी बांधलेल्या — देवीच्या कामात मालकाचा नियम चालत नाही. तो पुढच्या होडीच्या नाळेवर. पांढरा सदरा, हातात पात्र. निघण्याआधी त्यानं क्रीम लावलेलं मी बघितलं. मानेला, कानांना, टकलाला. दहा वाजता पात्र एका हातात धरून परत लावलं. साडेबाराला परत. आज्ञाधारक मुलासारखा!

अकराला गुलाबी झाला. मी मनात मोजत होते. एकला लाल. दोन वाजता मान अशी, जशी उकडलेल्या खेकड्याची पाठ. आ-मेन मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "ऊन मस्त पडलंय आज, नाही?" आणि आम्ही दोघी हसलो. फडक्याआड कुणाला दिसतंय!

पात्र खाली ठेवायचं नसतं. त्यानं ठेवलं नाही. ते मान्य करते.

धक्क्यावर उतरला आणि दोन पावलांवर उलटी झाली. चौघांनी धरून नेला.

मी घरी येऊन भोपळ्याच्या शेवया केल्या. दोन वाट्या खाल्ल्या. शियानं वाटीला हात लावला नाही.

१२ मे

तोंड सुजून डोळे मिटलेत म्हणे. टकलावर द्राक्षांएवढे फोड. मागोंगला नेऊन सलाईन लावली. अंगात ताप.

शाबास सू-लुआन! (माझं नाव मीच घेते. दुसरं कोण घेणार?)

१४ मे

अंगणातल्या कोरफडीची चार पानं कापलेली दिसली. विचारलं तर शिया म्हणाली, "मालकांच्या घरी दिली."

माझं डोकंच फिरलं. "ज्यानं तुझं नाक घेतलं त्याला कोरफड?"

"चेहऱ्याची आग होते तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे, ताई. तुला नाही."

रात्री आम्ही वेगवेगळ्या जेवलो.

१७ मे

मी स्वतः गेले बघायला. काळजी म्हणून नाही — डोळे भरून बघायला. माशाची पेज नेली, उगाच जायचं कसं म्हणून.

खोलीचे पडदे ओढलेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि ती रडायलाच लागली. तो पालथाही झोपू शकत नव्हता, उताणाही नाही. बसून होता, उशीला कपाळ टेकून. कातडी सापाच्या कातेसारखी लोंबत होती. मला वाटलं होतं, बघितलं की पोट भरेल.

"सू-लुआन बाई का?" आवाजावरून ओळखलं. डोळे अर्धेच उघडत होते. "क्रीम जुनं झालं असेल म्हणतात. बघा ना, एकच दिवस! एका दिवसात असं. तुम्ही बायका रोज कशा राहता हो?"

"फडकं बांधून," मी म्हटलं.

त्यानं उशीवरून कपाळ उचललं. मग म्हणाला, "हां."

पेज ठेवून आले. वाटेत दोनदा मागे वळून त्या पडद्यांकडे बघितलं. तरीसुद्धा लिहून ठेवते: मला पश्चात्ताप नाही.

२४ मे

होंग मालक तराफ्यावर आला — फडकं बांधून! एक डोक्यावर, एक नाकावर, वर बांबूची टोपी. गाठ चुकीची, बायकोनं बांधली असणार. पाहुण्यांत कुणीतरी ओरडलं, "अरे, दरोडेखोर!" आणि सगळे हसले. तोही हसला असेल, काय कळतंय.

माणसं बोलावून काळी जाळी परत चढवली. मग आम्हाला म्हणाला, "ज्यांना बांधायचं त्यांनी बांधा. सगळ्यांनीच बांधा. मी चुकलो."

आ-मेन मावशीनं सुरी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या, एकटीनं. मग सगळ्यांनी.

मी जिंकले. तीन बायकांनी माझ्यासमोर फडकी बांधली, एकीची गाठ मी घट्ट करून दिली. शिया मात्र जाळीकडे बघत होती, वर. तिचा चेहरा काही मला दिसला नाही.

२७ मे

आज शियाला सगळं सांगून टाकलं. बाटली, लोशन, मोरी. वाटलं, गळ्यात पडेल. म्हटलं, "तुझ्यासाठी केलं गं."

तिनं फडकं सोडलं. घडी घातली.

"फडकी काढायचं मालकांच्या डोक्यात कधीच नव्हतं, ताई. मी सुचवलं. मी त्यांच्या पाया पडले — तू मला कधी सोडू दिलं नसतंस. सेहेचाळीस वर्षांची झाले होते आणि घराबाहेर कुणी माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला एकटीला उघड्या तोंडानं उभं राहू द्या म्हटलं होतं — त्यांनी सगळ्यांना लावलं. पण पहिल्यांदा मागितलं मी."

मी तिचं घडी घातलेलं फडकं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"आता बाटलीचं त्यांना जाऊन सांग," ती म्हणाली. "की मी सांगू?"