पलंगाखालचा थर्मास

कुमासी, मंगळवार

प्रिय आईस,
वुनपिनीचा गुडघे टेकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. काल मात्र तुझी लेक वॉर्डभर मिरवली!

आपल्या येंडीकडचे नापारीकाका इथे दाखल आहेत. मधुमेहाच्या गोळ्या कमी केल्या तरी त्यांची रक्तातली साखर रोज घसरायची. काल सकाळी तर शुद्धच हरपली. डॉक्टरांनी दरडावलं, "आणखी काही औषध देता?" काकू म्हणाल्या, "छे!"

औषधं एकमेकांशी भांडत नाहीत ना, हे पाहणं माझं काम. मी तुझ्या शिकवणीप्रमाणे काकूंपुढे गुडघे टेकले. आधी नातवंडांची, शेरडांची, भुईमुगाची चौकशी केली. मग त्यांनीच पलंगाखालून थर्मास ओढला. कडुलिंबाचा काढा! त्यानेही साखर उतरते, म्हणजे दुहेरी मार.

"डॉक्टर उभ्याउभ्या ओरडतो गं. तू बसलीस तरी," काकू म्हणाल्या.

काढा थांबला. आज काका भेंडीचा रस्सा मागून जेवले. मोठे डॉक्टर सगळ्यांना म्हणाले, "विचारायचं कसं, ते वुनपिनीकडून शिका."

आई, मधुमेहाच्या गोळ्या तूही घेतेस, आणि आपल्या अंगणातही कडुलिंब आहे. खरं सांग. मी ओरडणार नाही. गुडघे टेकूनच विचारतेय.

तुझीच,
वुनपिनी