रॉडचा तुकडा

३ फेब्रुवारी
आज पहिला दिवस! मुरबाडच्या फोर्जिंग कारखान्याची लॅब, वर एसी. घरी किन्हवलीला आई म्हणाली, म्हणजे फ्रीजमध्ये बसायचं काम. माझा भाऊ सुनिलदादा इथंच हातोड्याच्या मोठ्या मशीनवर आहे. लॅबच्या संगीताताईंनी सगळं शिकवलं: पोलादाचा तुकडा बेकेलाइटच्या, म्हणजे कडक काळ्या प्लॅस्टिकच्या, गोळीत बसवायचा, पॉलिश पेपरवर घासायचा, दर पेपरला आडवा फिरवायचा. आरशासारखा झाला की त्यावर अ‍ॅसिडचा बोळा, मग मायक्रोस्कोप. पोलादाचे कण दिसले नि मी खूश! ताई फार मायाळू, नाचणीची अर्धी भाकरी मलाच दिली.

५ फेब्रुवारी
दादाच्या हातोड्याला, वरचं वजन ज्याला टांगलेलं असतं तो, नवीन रॉड बसवायचाय. त्याच्या टोकाचा तुकडा मी तपासला. मधोमध बारीक चीर. लॅबचे साहेब म्हणाले, ओरखडा असेल, हातोडा आजच चालू व्हायला हवा, जुन्या रिपोर्टातला चांगला फोटो चिकटव. सगळेच चिकटवतात म्हणे. मी चिकटवला नि रिपोर्टवर सही केली. नवीन नोकरी, काय बोलणार?

६ फेब्रुवारी
मन मानेना, तुकडा पुन्हा घासला. ओरखडा असता तर गेला असता. चीर दुप्पट झालीय. संध्याकाळी दादा सहज बोलला, आज रॉडवर एक रेघ दिसली.

७ फेब्रुवारी
पुन्हा घासला. चीर आणखी लांब. खाली हातोड्याच्या शॉपमध्ये जाऊन पाहिलं, रॉडवरची रेघही वाढलीय. तो तुटला तर हातोडा दादाच्या अंगावर येईल. साहेबांना सांगितलं. त्यांनी माझीच सही दाखवली.

१० फेब्रुवारी
कळलं. मधले दोन दिवस घासला नाय, तर चीर तशीच, रेघही तशीच. मी घासते तेव्हाच वाढते. बाई गं, मीच — चीर काठाला पोचली की रॉड तुटणार, नि केसभर जागा उरलीय. आता हात लावायचा नाय. दादाला म्हटलं काम सोड, पाया पडले. हसला. महिन्याभरात पर्मनंट होतोय तो.

११ फेब्रुवारी
तुकडा फेकावा — पण कुठं घासला गेला तर? ड्रॉवरला कुलूप नाय. मागितलं, मिळालं नाय. मला फार भीती वाटते. कुणाला सांगू?

१२ फेब्रुवारी
एसटी उशिरा आली. दादा सकाळच्या पाळीला आधीच — ड्रॉवर उघडा. ताई हात पुसत आल्या.

"गो सारिका, तुझ्या तुकड्याला गंज चढला व्हता. साहेब तुला वरडतील म्हणून मीच घासून चकचकीत केला."

मायक्रोस्कोपखाली घेतला. चीर पार काठापर्यंत —

फोन लावला. दादाचा फोन गेटवर जमा. ताईंना शॉपमध्ये पळवलं. कुणी पुन्हा घासू नये म्हणून मी तुकडा मुठीत धरून बसलेय, दुसऱ्या हाताने लिहितेय. हातोड्याचा ठोका ऐकू आला. म्हणजे चालू आहे. अजून एक. अजून