आधी आपलं निदान

सोमवार, ३ तारीख

पुन्हा फजिती! मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी साध्या खोकल्याला क्षय म्हणून बसले. पेशंटची बायको रडायलाच लागली. घाबरले की माझ्या तोंडून सगळ्यात भयंकर रोग बाहेर पडतो. शनिवारी परीक्षा. नापास झाले तर हाच वॉर्ड, हीच तोफ — मॅडमना आम्ही तोफ म्हणतो — आणखी सहा महिने.

मंगळवार, ४

तोफेचा नवा नियम — निदान सांगण्याआधी आपला मूड सांगायचा, तोही पेशंटसमोर. "आधी आपलं निदान, मग त्यांचं."

माझी रूममेट म्हणाली, भूक लागलीये. तरीच तिला प्रत्येकाच्या पोटातच दुखणं सापडतं! वर्गातला एक लाजत म्हणाला, प्रेमात पडलोय. त्याच्या मते वॉर्डातले सगळे ठणठणीत — ऑक्सिजन लावलेले काकासुद्धा.

बुधवार, ५

खिडकीजवळच्या खाटेवर नवीन मावशी आल्यात. पांढऱ्याफटक, चार पावलांत धाप. माझी वेणी सोडून पुन्हा घातली — असल्या अवतारात तुला कोण डॉक्टर म्हणेल, म्हणे. घरच्यांना वाढून उरलं तर खाणार, मग रक्त कमी होणार नाही तर काय! मला फार आवडल्या.

गुरुवार, ६

एका आजोबांनी कण्हत विचारलं, पोरी, कुणी मोठं माणूस नाही का? मी मनातल्या मनात 'नाटकी' असं निदान करून टाकलं. मग नियम आठवला. म्हटलं, आजोबा, मी चिडलेय. ते म्हणाले, मीपण, सकाळपासून लघवी झाली नाही. बघते तर पोट टम्म! नळी घातली. मग मला तोंडभरून आशीर्वाद.

शुक्रवार, ७

अभ्यास. म्हणजे झोप.

शनिवार, ८

परीक्षेत पेशंट ठरवणारी चिठ्ठी उघडली — खिडकीजवळची खाट. लॉटरी! मावशींनी डोळासुद्धा मारला. मी घडाघडा सांगितलं, रक्त कमी, कारण खाणं कमी.

"मूड?" तोफ म्हणाली.

"आनंद, मॅडम."

"आणि?"

मी मावशींकडे बघितलं. "माया."

बोलले आणि आठवलं. मघाशी त्यांच्या पोटात उजवीकडे हाताला काहीतरी लागलं होतं. मी ते बद्धकोष्ठ म्हणून सोडून दिलं होतं — वाईट काही असेल असं मनात येऊच दिलं नव्हतं. मावशींना विचारून पुन्हा हात ठेवला. गाठ होती.

बाहेर येऊन मॅडमना सांगितलं, आतड्याचा कॅन्सर असू शकतो. त्यांनी मला पास केलं.

गुरुवार, १३

मावशींचा रिपोर्ट आला. माझंच बरोबर निघालं. इतकं नापास व्हावंसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.