तुह्या पोटातला अमिबा

माय, मामाच्या पोरीच्या लग्नात तुले रोट्यांच्या मटक्यापासून उठवलं होतं, त्याचं सांगायचं आहे. तुले जाऊन इतकी वर्षं झाली, आता सुचून राहिलं.

तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा धुवायले नुकतीच लागली होती. पोरांले दाखवायले संडासचे नमुने लागत, म्हणून तुहाच नेला. सर म्हणाले, "हा पाहा अमिबा, हगवणीचा." तेच डोक्यात घेऊन मी नंदनवन वस्तीत मामाच्या घरी आली. लग्नघरी तू लांब रोट्या करून राहिली होती. सैल कणीक दोन्ही हातांवर लांबवायची अन् चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या मटक्यावर टाकायची. मी सगळ्या बायांसमोर म्हटलं, "ऊठ माय. तुह्या पोटात किडे आहेत."

"काहून वं? पोट तर दुखत नाही माहं. हात धुतले ना साबणानं."

मामी हसली. "डॉक्टरीणबाई, एवढ्या जाळावर कोणता किडा जगते वं?"

मी आवाज चढवला. तू उठली. कोपराले लागलेली कणीक पदरानं पुसत मागं भांड्यांपाशी जाऊन बसली. मग कोणी किती बोलावलं तरी मटक्यापाशी गेली नाही, मरेपर्यंत. "माह्या हातचं नको," म्हणायची.

आता मी काचा धुणं सोडून अमिबा वाढवायच्या नळ्या भरते. खाली अंड्याचा थर, वर पाणी, त्यात चिमूटभर तांदळाचं पीठ. ते खाऊन वाढतात मेले. परवा मॅडम पोरांले शिकवून राहिल्या होत्या. दोन नळ्या, दोन अमिबे, डोळ्याले अगदी सारखे. एक आतडं पोखरते, दुसरा खाऊन-पिऊन पडून राहते, माणसाले काही करत नाही. ओळखायले वेगळी तपासणी लागते. आधी ती नव्हती, तर दोघांले एकच नाव देत. पोट दुखत नसलं तर बहुतेक दुसराच असते, म्हणे. मी पिठाचा डबा धरून तशीच उभी. मॅडम ओरडल्या, "अहो, झाकण लावा ना!"

तुहा कोणता होता, कोण सांगणार? ती काच मीच त्याच दिवशी धुतली.

हा कागद कुठं धाडणार, फाडूनच टाकीन. पण माय, तुहा दुसराच असेल, हे मले कळते. तरी नळ्या भरता भरता मनात येते, खराबवालाच असू दे. म्हणजे मी बरोबर होती.