सत्तर मीटरवरची आगबोट

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी साताऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होते. पुढे पाण्याखालचं वेल्डिंग शिकले आणि आता बुडालेल्या जहाजांत शिरते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. पोहायला तुम्हीच शिकवलंत, कडेगावच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. बुडालेली कळशी मी तळातून काढली त्या दिवशी आई कौतुक करत होती आणि तुम्ही, फौजेतून आलेला माणूस, काठावर थरथरत उभे होतात. "खाली कुनीबी जातंय गं. वर यायचं ध्यान हाय का न्हाई तुला?" एवढं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या समुद्रात सत्तर मीटर खाली होते. तिथे एक जुनी आगबोट कुशीवर पडलीय. पाणी चार अंश. जोडीदार पुढे, परतीच्या वाटेची दोरी मागे सोडत, मी त्याच्या मागे. इंजिनाच्या खोलीत आमच्या बुडबुड्यांनी वरचा गंज सुटला आणि क्षणात सगळं काळं झालं. हातातला दिवासुद्धा दिसेना. दोरी हातातून सुटलेली. मी चाचपडतेय, हाताला पाइप लागतोय, चाक लागतंय, दोरी लागत नाही. श्वास इतका भराभर चाललाय की दुसरं काही ऐकूच येत नाही. मग करंगळीला दोरी लागते.

अशा वेळी आधी जोडीदाराला शोधायचं, हा आमचा नियम. नवीन लोकांना तो मीच शिकवते. मी बाहेर पडायच्या दाराकडे वळले.

तीन मिनिटांनी तो आपला आपण बाहेर आला. अंगात मुरलेला वायू निघावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यायला दोन तास लागले. दोन तास तो समोर लटकलेला, काचेतून माझ्याकडे बघत. याला कळलंय, एवढंच मनात. बोटीवर आल्या आल्या त्याने मला मिठी मारली. "दोरी सैल पडली होती. तू बाहेरून ताणून धरलीस, म्हणून हाताला लागली." संध्याकाळी त्याच्या बायकोने फोनवर रडत रडत आभार मानले. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

पुढच्या महिन्यात पुन्हा उतरायचंय. त्याला माझ्याशिवाय दुसरं कुणी सोबत नको.

हे पत्र कुठे टाकणार? घरातही कुणाला दाखवणार नाही. आबा, दोरी मी त्याच्यासाठी धरली नव्हती. माझी बोटंच उघडत नव्हती.